श्री शिल्लक

२००३ सालातली गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. जिन्याखाली पाण्याच्या मीटरशेजारी एक काचेचा नोटीस बोर्ड. एरवी त्यावर टाकी धुण्याची तारीख आणि गणपतीची वर्गणी याखेरीज काही नसायचं. त्या रविवारी सकाळी मात्र तिथे एक छापील यादी लागली: "पाच हजारांवर थकबाकी असलेले सभासद". यादीत तीन नावं. दोन सगळ्यांना पाठ होती. तिसरं नाव होतं २०४ मधल्या काकांचं. बाकी ५,२०० रुपये, वर महिन्याचं व्याज ९१ रुपये.

काका रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. महिन्याच्या एक तारखेला सकाळी साडेसातला सेक्रेटरींच्या दारात पैसे घेऊन उभे राहणारे. दूध घेऊन वर येताना काकूंनी ती यादी वाचली आणि म्हणे त्या जिन्यातच थोडा वेळ बसून राहिल्या.

ती यादी ज्या प्रोग्रॅमने छापली तो मी लिहिला होता.

त्या काळात सगळ्यांनाच सगळं संगणकावर हवं असायचं. २००० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत कल्याण-डोंबिवली महापालिकेनं आपला कारभार संगणकावर आणायला घेतला, नागरी सुविधा केंद्र सुरू केलं. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले, सगळं एका खिडकीवर. आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं, "महापालिका करते तर आपल्याला सोळा बिलं संगणकावर काढता येऊ नयेत?" मी तेव्हा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत वेब पानं बनवायचो. सकाळची लोकल, दिवसभर पीएचपी आणि जावास्क्रिप्ट, रात्री परत. म्हटलं, देतो करून, दोन रविवारचं काम आहे. दोनच रविवारांत केलंही. पीएचपीचं एक पान, मागे एक छोटा डेटाबेस. बटण दाबलं की सोळा बिलं एकाखाली एक तयार. कौतुक झालं. आणि दुसऱ्याच महिन्यात ही यादी.

संध्याकाळी काका स्वतःच आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पावत्यांचा गठ्ठा, तारखेनुसार लावलेला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "अरे, मला रागवायचं नाहीये. चूक कुठे झाली ते दाखव. मला बघायचंय."

मग आम्ही दोघं संगणकासमोर बसलो. चूक सापडायला अर्धा तास लागला. प्रोग्रॅम साधा होता. एकेका घराचं नाव घ्यायचं. थकबाकीच्या तक्त्यात त्या घराची नोंद असेल, तर 'बाकी' या व्हेरिएबलमध्ये तो आकडा टाकायचा. मग महिन्याचा देखभाल खर्च ६५० रुपये अधिक 'बाकी' मिळून बिल. २०३ वाल्यांनी आठ महिने पैसे दिले नव्हते, म्हणजे ५,२०० रुपये. बरोबर. पुढे २०४. काकांची बाकी कधीच नव्हती, त्यामुळे तक्त्यात त्यांची नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणून 'बाकी'मध्ये नवीन काही पडलं नाही. मग तिथे काय होतं? मागच्या घराचे ५,२०० होतेच की! तेव्हाच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येत असे, तेही मी इमानदारीत लावलं होतं. म्हणून ते ९१ रुपये.

म्हणजे शेजाऱ्याची थकबाकी काकांच्या नावावर. नीट पाहिलं तर इतरही तीन घरांना वरच्या घराची बाकी चिकटली होती. आकडे छोटे होते म्हणून कुणी बोललं नव्हतं इतकंच. गंमत अशी (तेव्हा गंमत वाटली नाही), की माझी चूक फक्त प्रामाणिक माणसांनाच लागत होती. ज्यांची बाकी होती त्यांचा हिशेब अगदी बरोबर. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांच्या नावावर दुसऱ्याचं. आणि मी चाचणी घेतली होती ती चार थकबाकीदारांची नावं घालून!

एक ओळ राहिली होती: प्रत्येक घराचा हिशेब सुरू करण्याआधी 'बाकी बरोबर शून्य'.

काकांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे तू श्री शिल्लक न लिहिताच कीर्द सुरू केलीस."

कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसाची पहिली ओळ म्हणजे आदल्या दिवशीची हातातली रोकड, ती श्री शिल्लक. काकांचे वडील कल्याणला एका धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. काकांनी सांगितलेलं लक्षात राहिलंय: गल्ल्यात दमडी नसली तरी ती ओळ लिहायची. "काही नाही" हेसुद्धा लिहायचं. कारण कोरी जागा पाहून उद्या कुणाला कळणार नाही, की काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही, की लिहायचं राहिलं म्हणून कोरं आहे.

त्या एका वाक्यात संगणकाच्या भाषांचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे, हे मला पुढे हळूहळू कळत गेलं. तोच आज सांगायचाय.

व्हेरिएबल म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली एक जागा, तिला दिलेलं एक नाव. डोंबिवलीकरांना भाड्याच्या खोलीचा दाखला लगेच पटेल. खोली तुमच्या नावावर झाली, पण आधीचा भाडेकरू काय ठेवून गेलाय? यावर प्रत्येक भाषेचं धोरण वेगळं. १९५७ ची फोरट्रान ही पहिल्या मोठ्या भाषांपैकी एक. तिच्यात खोली मागावीही लागत नसे. नवीन नाव लिहिलं की खोली मिळाली. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर दुसरीच खोली मिळायची, आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चालायचा. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचींनी सी भाषा घडवली. तिथे खोली आधी मागावी लागते, पण फंक्शनच्या आतल्या साध्या व्हेरिएबलची झाडलोट कुणी करून देत नाही. आधीच्याचा पसारा तसाच. झाडायला वेळ लागतो, आणि त्या काळात संगणकाचा वेळ माणसाच्या वेळेपेक्षा महाग होता. उलट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत किंवा क्लासमध्ये पाहिलेली जीडब्ल्यू-बेसिक मायाळू. काही सांगितलं नाही तर आकड्याच्या जागी शून्य मानून चालायची. आमच्या पिढीला पहिली सवय लागली ती या मायाळू भाषेची.

मग १९९५ साल उजाडलं. वेब पानाच्या पोटात लिहायच्या दोन भाषा त्याच एका वर्षी जगासमोर आल्या. रासमुस लेरडॉर्फ यांनी जूनमध्ये पीएचपीची पहिली आवृत्ती जाहीर केली. मुळात ती त्यांच्या स्वतःच्या वैयक्तिक पानासाठी केलेली साधनं होती. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी मे महिन्यात दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना बनवला. डिसेंबरमध्ये तीच जावास्क्रिप्ट म्हणून जाहीर झाली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची व्हीबीस्क्रिप्ट आली.

या तिन्ही भाषांचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. त्या अवकाश संशोधनासाठी नव्हत्या. ज्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही अशांनी आपल्या पानात चार ओळी टाकाव्यात आणि पान हलतं-बोलतं व्हावं, एवढीच अपेक्षा होती. त्यामुळे न मागता खोली, हा फोरट्रानचा जुना नियम परत आला. जावास्क्रिप्टमध्ये नाव जाहीर न करता नुसती किंमत टाकली, तरी व्हेरिएबल तयार. तेही अख्ख्या पानासाठी सार्वजनिक! व्हीबीस्क्रिप्टमध्ये न भरलेली जागा 'एम्प्टी' असायची. बेरजेत तिला शून्य धरायचं, शब्दांत कोरं धरायचं. पानाच्या डोक्यावर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' असं लिहिलं तर ती भाषा कडक व्हायची, पण ते लिहायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर. पीएचपी न भरलेल्या जागेबद्दल हळूच एक सूचना काढू शकत असे, पण तशा सूचना मूळ मांडणीतच दडवून ठेवलेल्या असत. पान बघणाऱ्याला उगाच त्रास नको!

जावास्क्रिप्टनं एक वेगळी गोष्ट केली. न भरलेल्या जागेला तिनं शून्य म्हटलं नाही. तिच्यासाठी एक स्वतंत्र किंमत ठेवली: 'अनडिफाइन्ड', म्हणजे अजून ठरलेलं नाही. त्यात एक मिळवलं तर उत्तर 'नॅन', म्हणजे ही संख्याच नव्हे. शब्दाला जोडलं तर तो शब्दच चिकटतो. त्या काळी कितीतरी पानांवर "स्वागत" च्या पुढे पाहुण्याच्या नावाऐवजी 'अनडिफाइन्ड' असं झळकायचं. आम्ही हसायचो. आज वाटतं, त्यातल्या त्यात ती भाषा खरं बोलत होती. 'शून्य' आणि 'माहीत नाही' यांतला फरक ती निदान कबूल तरी करत होती. काकांच्या वडिलांना हे पटलं असतं. (पण तिथेही घोळ होताच. १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'अनडिफाइन्ड' हे नाव भाषेनं सार्वजनिक करून दिलं आणि ते कुणालाही बदलता येत असे! 'माहीत नाही' ची किंमत पाच, असं लिहिलं तरी चाले. ती सोय २००९ च्या पाचव्या आवृत्तीत बंद झाली.)

आता पीएचपीकडे येऊ, कारण खरी किंमत तिथे मोजावी लागली.

पीएचपीत 'रजिस्टर ग्लोबल्स' नावाची एक सोय होती. पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे जे काही लिहून येईल, त्या नावाचं व्हेरिएबल आपोआप तयार. फॉर्ममध्ये 'नाव' हा रकाना असेल तर तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'नाव' आयतं भरलेलं मिळायचं. केवढी सोय! पण समजा मी असं लिहिलं: पासवर्ड बरोबर असेल तर 'परवानगी बरोबर एक'. आणि पुढे: 'परवानगी' असेल तर आतलं पान दाखव. पासवर्ड चुकला तर? तर 'परवानगी' कोरी राहील, दार बंद राहील, असं माझं गृहीतक. पण ती जागा मी कोरी सोडलीय हे ओळखणारा कुणी पत्त्याच्या शेवटी 'परवानगी बरोबर एक' एवढं टाइप करेल, आणि दार उघडेल. पासवर्ड नको, काही नको. मी वर एक ओळ लिहिली असती, 'परवानगी बरोबर शून्य', तर त्याचं टाइप केलेलं पुसलं गेलं असतं.

म्हणजे कोरी जागा कोरी राहत नाही. तुम्ही भरली नाहीत तर दुसरं कुणीतरी भरतं. कधी मागच्या घराचा आकडा, कधी रस्त्यावरचा अनोळखी माणूस.

ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या लिहिणाऱ्यांना पक्की ठाऊक होती. शिवाजी महाराजांची पत्रं पाहा. माथ्यावर राजमुद्रा, आणि मजकूर संपतो तिथे एक छोटा शिक्का: 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा झाली, याच्यापुढचं आमचं नव्हे. पेशवाईतल्या पत्रांच्या अखेरीस 'लेखनसीमा' येते. मजकुराखालच्या मोकळ्या जागेत मागाहून कुणी एखादी ओळ घुसडू नये, म्हणून हा बंदोबस्त. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आलं तेव्हापासून ठाणं-कल्याण भागानंही असे किती कागद पाहिले असतील. आजही आपण चेकवर रकमेपुढे 'फक्त' लिहितो आणि उरलेल्या जागेत रेघ ओढतो, ते त्याच शहाणपणातून. माझे वडील तर मनीऑर्डरच्या फॉर्मवरही रेघ ओढायचे. मी त्यांना हसायचो आणि कंपनीत जाऊन कोऱ्या जागा सोडायचो.

पीएचपी चालवणाऱ्यांनी अखेर २२ एप्रिल २००२ ला ४.२.० ही आवृत्ती काढताना ती सोय मूळ मांडणीत बंद ठेवली. यावर ओरड झाली, कारण हजारो पानं त्या सोयीवरच चालत होती आणि एका रात्रीत मुकी झाली. आमच्या कंपनीतही पहिला उपाय काय? सोय पुन्हा चालू करणं! तशी ती करता येत होती. बऱ्याच सर्व्हरवर ती तशीच वर्षानुवर्षं चालू राहिली. २००९ मध्ये ५.३ नं ती कालबाह्य ठरवली आणि १ मार्च २०१२ ला ५.४ मधून ती कायमची काढली. चूक कळल्यापासून दार नाहीसं होईपर्यंत दहा वर्षं. एकदा लोकांना वळण लागलं की भाषा बदलणं सोपं नसतं.

जावास्क्रिप्टचीही वाट तशीच लांब. २००९ च्या डिसेंबरात पाचवी आवृत्ती आली. तिच्यात स्क्रिप्टच्या माथ्यावर 'यूज स्ट्रिक्ट' असं लिहिलं, की जाहीर न केलेल्या नावात किंमत टाकणं ही चूक धरली जाऊ लागली. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत 'लेट' आणि 'कॉन्स्ट' आले. त्यांनी जाहीर केलेलं नाव जाहीर होण्याच्या ओळीआधी वापरलं, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि फेऱ्यांच्या आत 'लेट' लिहिलं, तर प्रत्येक फेरीला नवी कोरी खोली मिळते, मागच्या फेरीचं सामान येत नाही. पीएचपीनं २०२० च्या नोव्हेंबरात आठव्या आवृत्तीपासून न भरलेल्या व्हेरिएबलची ती दबकी सूचना चढवून इशाऱ्यात बदलली. बेसिकच्या मायेकडून दिवाणजींच्या शिस्तीकडे, असा हा प्रवास आहे.

मग माझी चूक आजच्या भाषेनं पकडली असती का? यावर मी पुष्कळ विचार केला. काही दिवसांपूर्वी तोच प्रोग्रॅम आठवून पुन्हा लिहिला आणि नव्या पीएचपीवर चालवला. कुठलाही इशारा नाही. २०४ च्या बिलावर ५,२०० रुपये आले! कारण उघड आहे. भाषेच्या नजरेनं 'बाकी' भरलेलीच होती. ती दुसऱ्याची होती, हे भाषेला कसं कळणार? पीएचपीत फेरी संपली म्हणून आतलं व्हेरिएबल संपत नाही, आजही. जावास्क्रिप्टमध्ये 'लेट' नं लिहिलं असतं तर काकांच्या बिलावर 'नॅन' छापून आलं असतं. तेही चूकच, पण दिसणारी चूक. 'नॅन रुपये थकबाकी' म्हणून कुणाचं नाव बोर्डावर लागलं नसतं.

एवढा फरक मला आता कळतो. न भरलेल्या जागेपेक्षा चुकीनं भरलेली जागा जास्त वाईट, कारण तिचा आकडा खऱ्यासारखा दिसतो. छापून आला की लोक विश्वास ठेवतात. २०३ आणि २०४ ची बाकी रुपयापर्यंत सारखी होती, व्याजही सारखं. सोळा घरांतल्या कुणीच म्हटलं नाही की हे कसं? संगणकानं काढलंय ना, मग असेल. काकांना वीस वर्षं ओळखणारी माणसं होती ती! मीसुद्धा यादी छापताना नाव वाचलं होतं, आणि क्षणभर मनात आलं होतं, अरे, काकासुद्धा?

त्या संध्याकाळी मी 'बाकी बरोबर शून्य' ही ओळ टाकली, सोळा बिलं पुन्हा काढली आणि म्हटलं, "काका, यादी आत्ता जाऊन काढतो."

काका म्हणाले, "नुसती काढू नकोस. काढलीस तर बोर्ड कोरा होईल. ज्यांनी वाचलं त्यांना वाटेल, पैसे भरले असतील. तिथे दुसरा कागद लाव. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. बाकी शून्य होती आणि शून्य आहे, असं लिही."

तसा कागद लावला. खाली माझी सही केली. तो महिनाभर तिथे होता. काकू जातायेता त्याच्याकडे बघायच्या नाहीत, पण काका रोज चष्मा लावून वाचायचे, असं वॉचमन सांगायचा.

काका आता नाहीत. सोसायटीची इमारतही पुनर्विकासाला गेली. वागळे इस्टेटमधली ती कंपनी केव्हाच बंद झाली. मी मात्र अजून याच धंद्यात आहे. हाताखाली नवी मुलं येतात, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. हल्ली तर निम्मं लिखाण यंत्रच करून देतं. त्यांची स्क्रिप्ट तपासताना मी अजूनही आधी वरच्या चार ओळी बघतो. कुठलं व्हेरिएबल किंमत न देता वापरलेलं दिसलं की विचारतो, "याची श्री शिल्लक कुठाय?"

मुलं गोंधळून बघतात. मग मी त्यांना २०४ ची गोष्ट सांगतो. असो.